स्कॉटलंडच्या वाटा : पायीं, सायकलीवर आणि मोटारींतून

ग्लासगो शहराच्या वायव्येस सहा-सात मैलांवर मल्गाय नांवाचें एक लहानसें गांव आहे. त्याच्या बाजारपेठेंत एक दगडी स्तंभ उभा असून, उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत जाणाऱ्या पाऊलवाटेला तेथूनच प्रारंभ होतो. उन्हाळ्यांतील एखाद्या सकाळीं या बाजूनें निघणाऱ्या लोकांकडे पाहिलें, तर त्यांत तीन प्रकारचे प्रवासी आढळतात. कोणी पाठीवर आठवड्याचें सामान बांधून पायीं निघालेला असतो. कोणी सायकलीच्या मागच्या चाकाला दोहों बाजूंनीं पिशव्या अडकवून पुढें गेलेला असतो. आणि कोणी सहकुटुंब मोटारींत बसून दुपारच्या जेवणापर्यंत शंभर मैलांचा पल्ला गांठण्याच्या विचारांत असतो. साधनें निराळीं असलीं तरी तिघांची इच्छा एकच असते. चार दिवस गर्दी नको, गोंगाट नको; डोंगर, पाणी आणि मोकळें आकाश यांखेरीज दुसरें कांहीं दिसूं नये. ही इच्छा स्कॉटलंडांत सहज पुरी होते. मात्र ती निर्जनता तेथें कोठून आली, आणि ज्या रस्त्यानें आपण तिच्यापर्यंत पोंचलों तो रस्ता कोणीं व कोणासाठीं बांधला, हे दोन प्रश्न फार थोड्या प्रवाशांच्या मनांत येतात. ते ज्याच्या मनांत येतात, त्यालाच त्या देशाची खरी ओळख होते.

उंचीच्या दृष्टीनें पाहिलें तर स्कॉटलंडचे डोंगर महाराष्ट्रीयांना अचंबा वाटावा असे नाहींत. तेथील, किंबहुना साऱ्या ब्रिटनमधील, सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस हें ४,४१३ फूट आहे. आपलें कळसूबाई ५,४०० फूट भरतें. परंतु हा मुलूख विषुववृत्तापासून फार दूर, उत्तर अक्षांश ५७च्या आसपास असल्यामुळें तेथें तीन हजार फुटांवरची हवा आपल्याकडील कोणत्याही घाटमाथ्यापेक्षां कठोर असते. सकाळीं ऊन, दुपारीं धुकें, संध्याकाळीं आडवा पाऊस, असा क्रम एकाच दिवसांत अनुभवास येतो. दऱ्यांना तेथें ग्लेन म्हणतात व सरोवरांना लॉक. डोंगरउतारावर झाडें थोडीं. हेदर नांवाचें बुटकें झुडूप मात्र मैलोगणती पसरलेलें असतें आणि ऑगस्ट महिन्यांत तें फुललें म्हणजे सारा उतार जांभळा होऊन जातो. जून महिन्यांत रात्र अशी जवळजवळ होतच नाहीं. दहा वाजून गेल्यावरही वाट स्पष्ट दिसते.

या डोंगरांत पहिले पद्धतशीर रस्ते आले ते प्रवाशांच्या सोयीसाठीं नव्हेत. १७१५ सालीं हायलँड्स म्हणजे उत्तरेकडील डोंगरी प्रदेशांतील कांहीं कुळांनीं स्टुअर्ट घराण्याच्या बाजूनें बंड केलें होतें. तें मोडलें तरी लंडनच्या सरकारची धास्ती गेली नाहीं. तेव्हां १७२४ सालीं जनरल वेड याची तिकडे रवानगी झाली, आणि पुढील दहा-बारा वर्षांत त्यानें सैनिकांच्या हातून सुमारें २५० मैलांचे रस्ते व अनेक पूल बांधून घेतले. ॲबरफेल्डी येथें टे नदीवर १७३३ सालीं बांधलेला त्याचा पूल अद्यापि वापरांत आहे. तोफा व पलटणी डोंगरांत त्वरेनें पोंचाव्या, हा त्या रस्त्यांचा हेतु. दैवाची गंमत अशी, कीं वेडनें १७३१ सालीं अडीच हजार फुटांच्या कॉरियारिक खिंडींतून जो रस्ता मोठ्या कष्टानें नेला, त्याचा उपयोग १७४५ सालीं राजपुत्र चार्ल्स याच्या बंडखोर सैन्यानेंच करून घेतला! वेडच्या मागून आलेल्या कॉलफील्ड यानें याच्या कितीतरी पट रस्ते बांधले. ग्लेन क्रो येथील चढ संपतो त्या ठिकाणीं त्याच्या सैनिकांनीं एक शिला उभी केली. ‘विसावा घ्या आणि उपकार माना’ अशा अर्थाचे शब्द तिच्यावर कोरले, आणि त्या खिंडीला आजही तेंच नांव आहे.

लष्करानंतर इंजिनीयर आले. एस्कडेलमध्यें एका मेंढपाळाच्या पोटीं जन्मलेला टॉमस टेलफर्ड याच्याकडे १८०३ सालीं हायलँड्समधील रस्ते व पूल यांचें काम आलें, आणि पुढील अठरा-वीस वर्षांत सुमारें नऊशें मैलांचे रस्ते तयार झाले. बारीक खडीचे थर दाबून रस्ता करण्याची जी पद्धति जगभर पसरली ती ज्याच्या नांवानें ओळखली जाते तो मॅकॅडम हाही स्कॉटलंडमधील एअर गांवचाच. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना यांतील एक धागा जवळचा वाटेल. टेलफर्डच्या त्याच एस्कडेल खोऱ्यांतून आलेले सर जॉन माल्कम हे पुढें मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८३० सालीं बोरघाटांतील गाडीरस्ता त्यांच्याच कारकीर्दींत खुला झाला. लँगहोम गांवावरच्या टेकडीवर त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला उंच दगडी स्तंभ त्या बाजूनें जाणाऱ्या सायकलस्वारास दुरून दिसतो.

रस्ते झाले म्हणजे प्रवासी येऊं लागतात. १७७३ सालीं डॉक्टर जॉन्सन हे चौसष्टीला टेकले असतांना आपला मित्र बॉस्वेल याच्यासह या मुलखांत आले. इन्व्हरनेसपर्यंत गाडी, पुढें घोडे, असा त्यांचा प्रवास झाला. ग्लेन मॉरिस्टनमध्यें रस्त्याचें काम करणारे सैनिक त्यांना भेटले. जॉन्सननीं त्यांना खुशालीदाखल पैसे दिले. तेथील एका साध्या खानावळींत ते उतरले असतां मालकाच्या शिकलेल्या मुलीला त्यांनीं एक पुस्तक भेट दिलें, आणि तें निघालें अंकगणिताचें! ही हकीकत सांगून लोक हंसतात. परंतु त्याच मुक्कामांतली दुसरी गोष्ट हंसण्यासारखी नाहीं. त्या मालकानें सांगितलें, कीं पंचवीस वर्षांपूर्वीं पांच पौंड असलेला आपल्या जमिनीचा खंड आतां वीस पौंडांवर गेला आहे, खोऱ्यांतून सत्तर माणसें अमेरिकेस गेलीं, आणि पुढच्या वर्षीं आपणही जाणार. सैनिक रस्ता बांधीत होते, आणि त्याच रस्त्यानें लोक निघून जात होते.

पायीं चालणाऱ्यास या गोष्टीची खूण आजही जागोजाग सांपडते. मल्गायहून फोर्ट विल्यमपर्यंत जाणारी ‘वेस्ट हायलँड वे’ ही ९६ मैलांची वाट १९८० सालीं रीतसर खुली झाली. ती नव्यानें आंखली असली तरी नवी खोदली मात्र थोडीच आहे. जुने लष्करी रस्ते, गुरें हांकण्याच्या वाटा आणि बंद पडलेले लोहमार्ग यांचे तुकडे जोडून ती सिद्ध झाली. बहुतेक लोक ती सहा ते आठ दिवसांत पुरी करतात. पहिला दिवस शेतांतून व कुरणांतून जातो. मग लॉक लोमंडचा पूर्व कांठ लागतो. तेथें मुळें, खडक आणि निसरडे ओढे यांतून वाट काढतांना पांच मैलांना अर्धा दिवस लागतो. पुढें टिंड्रम, ब्रिज ऑफ ऑर्की हीं ठिकाणें मागें पडलीं म्हणजे रॅनॉक मूर हें विस्तीर्ण माळरान सुरू होतें. काळी पाणथळ जमीन, मधून मधून डबकीं, आणि आकाश. घर असें मैलोगणती दिसत नाहीं. त्या माळाच्या पलीकडे ग्लेन कोचें तोंड. १६९२ सालच्या फेब्रुवारींत सरकारी सैनिकांनीं ज्यांच्या घरचें मीठ खाल्लें त्यांनाच भल्या पहांटे कापून काढलें, तें हें खोरें. तेथून सुमारें १,८०० फुटांवरची ‘सैतानाची शिडी’ चढून वाट किनलॉकलेव्हनला उतरते आणि शेवटच्या दिवशीं बेन नेव्हिसच्या पायथ्याशीं पोंचते.

या वाटेवरील खरे शत्रू दोन : पाऊस आणि मिज नांवाचें चिलट. हें चिलट डोळ्यांस क्वचितच दिसतें, परंतु जून ते सप्टेंबर या काळांत वारा पडला कीं त्याचे थवेच्या थवे अंगावर येतात. वारा वाहूं लागला कीं तीं नाहींशीं होतात. म्हणून पायीं जाणारा वाऱ्याची प्रार्थना करतो, आणि त्याच रस्त्यावर समोरून वारा घेत चाललेला सायकलस्वार त्याच वाऱ्याला शिव्या देतो!

पायीं चालणाऱ्याचा लाभ असा, कीं त्याची नजर जमिनीवर असते. तपकिरी हेदरमध्यें एकाएकीं हिरव्या गवताचा चौकोन दिसतो. जवळ जावें तों गुडघाभर उंचीच्या दगडी भिंती, आंत चुलीची जागा, बाहेर जुन्या वाफ्यांच्या वरंब्या. मोटारींतून हें दिसत नाहीं. हीं पडकीं घरें म्हणजे ‘क्लिअरन्सेस’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या उच्छेदाच्या खुणा होत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदारांना असें आढळून आलें, कीं कुळांपासून येणाऱ्या खंडापेक्षां मेंढरांपासून येणारें उत्पन्न अधिक. मग खोरींच्या खोरीं मोकळीं करण्यांत आलीं. सदरलंड परगण्यांतील स्ट्रॅथनेव्हर येथें १८१४ व १८१९ सालीं घरांचीं छपरें उतरवून, जाळून लोकांना बाहेर काढलें. १८१४ सालीं तें काम करणारा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ सालीं खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. मोकळ्या झालेल्या जमिनीवर मेंढरें त्यानें स्वतःचींच चारलीं. माणसें समुद्रकांठच्या खडकाळ तुकड्यांवर गेलीं किंवा जहाजांत बसून कॅनडाला गेलीं.

क्रॉइक नांवाच्या एकाकी चर्चची गोष्ट याहून लहान आणि म्हणूनच अधिक बोलकी आहे. १८४५ सालच्या मे महिन्यांत ग्लेनकॅल्व्ही खोऱ्यांतून काढलेल्या कुटुंबांनीं या चर्चच्या आवारांत पालें ठोकून आसरा घेतला. तेथें असतांना त्यांपैकीं कोणीं कोणीं खिडकीच्या कांचेवर बाहेरून टोंकदार वस्तूनें आपली हकीकत ओरखडून ठेविली. तीं अक्षरें आजही वाचतां येतात. आपल्यावर हा प्रसंग कां आला याचें उत्तर त्या लोकांनीं जमीनदाराच्या लोभांत न शोधतां स्वतःच्या पापांत शोधलें, हें वाचून वाचणाऱ्याचें मन विषण्ण होतें. कुळांना जमिनीवरून सहजासहजीं हुसकतां येऊं नये असा कायदा झाला तो १८८६ सालीं. तोंवर बहुतेक खोरीं रिकामीं झालीं होतीं.

माणसें गेलीं आणि मेंढरें आलीं. पुढें मेंढरांत किफायत राहिली नाहीं तेव्हां सांबरांच्या शिकारीसाठीं तेच डोंगर राखून ठेवण्यांत आले. आतां प्रश्न उत्पन्न झाला तो चालणाऱ्यांचा. १८४७ सालीं एडिंबरोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक बाल्फर आपल्या विद्यार्थ्यांसह ग्लेन टिल्टमधून येत असतां ॲथोलच्या ड्यूकनें व त्याच्या माणसांनीं त्यांची वाट अडविली. प्राध्यापकमहाशय शिष्यगणासह कुंपण ओलांडून निसटले, आणि ‘ग्लेन टिल्टची लढाई’ म्हणून या प्रसंगावर गाणीं झालीं. अशा वाटांच्या रक्षणासाठीं एडिंबरो येथें १८४५ सालींच एक मंडळ निघालें होतें. त्याची खरी कसोटी लागली ती ब्रेमारहून ग्लेन डोलकडे उतरणाऱ्या ‘जॉक्स रोड’ या वाटेच्या दाव्यांत. जमीनमालकानें ती बंद केली. मंडळ न्यायालयांत गेलें. साक्षीला आले ते म्हातारे मेंढपाळ व गुरें हांकणारे लोक. आपण आणि आपले वडील याच वाटेनें जनावरें घेऊन बाजाराला जात होतों, एवढेंच त्यांनीं सांगितलें. हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलेल्या या दाव्याचा निकाल १८८८ सालीं वाटेच्या बाजूनें लागला. प्राध्यापकांच्या विद्वत्तेनें जें झालें नाहीं, तें अडाणी गुराख्यांच्या पायांनीं केलें. ही वाट सुमारें तीन हजार फुटांपर्यंत चढते. १९५९ सालच्या पहिल्या दिवशीं तिच्यावरून निघालेले पांच पादचारी हिमवादळांत सांपडून मरण पावले. हक्क मिळाला म्हणून डोंगर सौम्य होत नाहीं, याची ती खूण आहे.

विसाव्या शतकाच्या चवथ्या दशकांत क्लाइड नदीवरील जहाजांचे कारखाने थंडावले आणि ग्लासगो व क्लाइडबँक येथील हजारों तरुण बेकार झाले. गांठीं पैसा नव्हता. वेळ मात्र मुबलक. ते शनिवार-रविवारीं डोंगरांकडे पायीं निघत. मल्गायच्या पुढें क्रेगॅलियन सरोवराच्या कांठीं एक शेकोटी असे. जो येईल त्यानें बसावें, चहा घ्यावा, गोष्टी ऐकाव्या. वर उल्लेखिलेली ९६ मैलांची वाट याच कांठावरून जाते. १९३१ सालीं युवकांसाठीं स्वस्त वसतिगृहें काढणारी संस्थाही स्थापन झाली. श्रीमंतांच्या शिकारीची जागा अशा रीतीनें हळूहळू सर्वांच्या विश्रांतीची जागा होऊं लागली. अखेर २००३ सालीं स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें जमीन-सुधारणेचा कायदा केला व तो २००५ सालापासून अंमलांत आला. त्याअन्वयें पायीं, सायकलीवर किंवा घोड्यावर, जबाबदारीनें वागणाऱ्या कोणासही बहुतेक सर्व जमिनीवरून व पाण्यावरून जाण्याचा हक्क आहे. एकदोन रात्रीं तंबू ठोकण्याचाही आहे. घराचें अंगण व उभें पीक वर्ज्य. फाटक जसें असेल तसें ठेवावें. कोंकरांच्या दिवसांत कुत्रा आंवरून धरावा. मोटारीला मात्र हा हक्क नाहीं. निम्मी खाजगी ग्रामीण जमीन पांचशेंहून कमी मालकांच्या हातीं आहे असा हिशेब ज्या देशांत वारंवार मांडला जातो, तेथें हा कायदा झाला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

सायकलीशीं तर या देशाचें नातें जन्मापासूनचें. डम्फ्रिस परगण्यांतील लोहार कर्कपॅट्रिक मॅकमिलन यानें १८३९च्या सुमारास पायानें चालणारी पहिली सायकल केली, असें तेथील लोक अभिमानानें सांगतात. संशोधकांत त्याविषयीं वाद आहे. हवेच्या धांवेबद्दल मात्र वाद नाहीं. स्टोनहेव्हनच्या टॉमसननें तिचें पेटंट १८४५ सालींच घेतलें होतें. पण ती विसरली गेली, आणि एअर परगण्यांत जन्मलेल्या डनलॉप या पशुवैद्यानें १८८८ सालीं बेलफास्टमध्यें मुलाच्या तीनचाकीसाठीं ती पुन्हां शोधून काढली. सायकलस्वारासाठीं ग्लासगोहून इन्व्हरनेसपर्यंत आंखलेला मार्ग सरोवरें व खोरीं यांच्या कडेनें जातो. ग्लेन ओगलच्या चढावर तो १९६५ सालीं बंद पडलेल्या ओबानच्या लोहमार्गावरून नेला आहे, त्यामुळें आगगाडीला झेपेल एवढाच चढ सायकलीला पडतो. ज्याला याहून कठीण परीक्षा हवी त्यानें पश्चिम किनाऱ्यावरील ॲपलक्रॉसला जावें. समुद्रकांठापासून २,०५३ फुटांपर्यंत एकाच दमांत चढणारा ‘बेलख ना बा’ म्हणजे ‘गुरांची खिंड’ हा रस्ता कांहीं ठिकाणीं पांचास एक या प्रमाणांत चढतो. चालणारा जमीन पाहतो. सायकलस्वार तिचा चढउतार मांड्यांनीं मोजतो. गुरें हांकणाऱ्यांनीं खिंड कोठें व कां निवडली, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास कळत नाहीं.

मोटारवाल्यानें आपली वेळ हलकी समजूं नये. म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना, पायांनीं अधू असलेल्यांना हा मुलूख दाखविणारी तीच. परंतु उत्तरेकडील पुष्कळ रस्ते एकाच गाडीपुरते रुंद असतात, आणि ठराविक अंतरावर समोरच्यास वाट देण्यासाठीं बाजूला थोडी जागा केलेली असते. तेथें गाडी थांबवून चहा पिणें हा अपराध समजला जातो. कारण मागून येणारा डॉक्टर, टपालवाला किंवा शाळेची गाडी अडते. मागची गाडी घाईंत दिसली तर बाजूस होऊन तिला पुढें जाऊं द्यावें, आणि वाट देणाऱ्यास हात वर करून आभार मानावे, एवढा तेथील शिष्टाचार. २०१५ सालीं इन्व्हरनेसहून निघून सारा उत्तर किनारा फिरून परत येणाऱ्या ५१६ मैलांच्या मोटारमार्गाची जाहिरात झाली, आणि तेव्हांपासून या अरुंद रस्त्यांवर घराएवढ्या मोटारींची रीघ लागली. त्यामुळें खानावळींना व दुकानांना धंदा मिळाला. त्याचबरोबर ओल्या कडा खचल्या, कचरा वाढला, आणि रस्ता आपला कीं पाहुण्यांचा, असें गांवकरी विचारूं लागले.

या प्रश्नाचें सर्वांत चांगलें उत्तर रासे नांवाच्या बेटावर एका माणसानें आपल्या हातांनीं लिहून ठेविलें आहे. स्काय बेट आणि मुख्य भूमि यांच्यामध्यें हें लांबट बेट आहे. १८५०च्या पुढें जॉर्ज रेनी या मालकानें दक्षिणेकडील सुपीक गांवें उठविलीं, तेव्हां कांहीं कुटुंबें उत्तरेच्या खडकाळ टोंकाला जाऊन राहिलीं. त्या टोंकाच्या आर्निश वस्तीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. तो ब्रोखेलच्या पडक्या किल्ल्यापाशीं संपे. वर्षानुवर्षें अर्ज झाले आणि नामंजूर झाले. शाळा बंद पडली, तरुण कुटुंबें निघून गेलीं. तेव्हां कॅलम मॅकलाउड या शेतकऱ्यानें, जो टपालाचें व दीपगृहाचें कामही करीत असे, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून रस्ते बांधण्याचें एक पुस्तक थोडक्या पैशांत घेतलें, आणि १९६४च्या सुमारास कामाला हात घातला. सुरुंगाचें कांहीं काम एका सरकारी खात्यानें करून दिलें. बाकी सर्व कुदळ, फावडें आणि एकचाकी ढकलगाडी यांच्या बळावर. सुमारें दहा वर्षें, रोजचीं कामें संभाळून, तो एकटा दगड फोडीत, मोऱ्या बांधीत, भराव घालीत राहिला. पावणेदोन मैलांचा रस्ता झाला. १९८२ सालीं सरकारनें त्यावर डांबर घातलें. तोंपर्यंत आर्निशमध्यें राहणारीं माणसें दोनच उरलीं होतीं : तो आणि त्याची पत्नी. १९८८ सालीं तो वारला.

आज त्या रस्त्यावरून मोटारी जातात, सायकली जातात, पायीं जाणारेही जातात. वळणें, चढ आणि दोहों बाजूंचा समुद्र पाहून सारे खूष होतात. शहरांतून येणाऱ्यास रस्ता नसलेलें ठिकाण रम्य वाटतें. तेथें राहणाऱ्यास तोच रस्ता नसल्यामुळें घर सोडावें लागतें. स्कॉटलंडच्या कोणत्याही खोऱ्यांत जातांना हें ध्यानांत ठेविलें, तर सौंदर्याचा आनंद तिळभरही कमी होत नाहीं. हेदर तितकेंच जांभळें दिसतें, पाणी तितकेंच काळेंभोर दिसतें. फक्त हिरव्या गवताच्या त्या चौकोनापाशीं पाऊल जरा थांबतें, आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या गांवच्या गाडीला वाट देतांना हात आपोआप वर होतो.